पाण्यात दहा

हळर्णकर मास्तरांनी फळ्यावर 'कंस' लिहिलं
तेव्हा सगळा वर्ग हसला. आदल्याच रात्री
देवळासमोर दहिकाल्यात आम्ही कंस पाहिला होता,
तोंडाला हिंगूळ फासलेला, जांभई गिळून आरोळी देणारा.
मास्तर म्हणाले, हा तो नव्हे,
हा घेराचा नुसता तुकडा.
लहान असेल तर लघुकंस, मोठा असेल तर विशालकंस,
आणि याला मारायला कोणी जन्म घेत नाही.
मग केंद्रापासून दोन रेघा ओढून म्हणाले,
ही वर्तुळपाकळी.
तो शब्द तोंडात धरून मी घरापर्यंत आले.

त्याच आठवड्यात किरणपाण्याला बाबांचा पाग फाटला.
फेरीच्या धक्क्याशी बुडालेला जुना खुंट
सगळ्यांना माहीत होता. बाबांनाही.
आईने विचारलं नाही.

अंगणात पाग पसरला.
त्रिज्या सात हात
(बाबांचे; माझे साडेनऊ भरले असते).
शेंडीपाशी कोनमापक टेकवला,
फाटक्या कडेपर्यंत दोन सुतळ्या ताणल्या,
एका टोकावर मांजर येऊन बसलं, त्याला हाकललं,
पुन्हा ताणल्या: बहात्तर अंश.
घेर चव्वेचाळीस हात, त्याचा पाचवा हिस्सा
आठ पूर्णांक आठ,
हाताला शिशाचे चार मणी,
म्हणजे पस्तीस, आणि वर एक कपचा.

शुक्रवारी म्हापशाला दुकानदार वजनावर देत होता,
मी नगावर अडून बसले.
मोजून पस्तीस.

बाबांनी दोरी पायाच्या अंगठ्यात धरून ओवायला घेतलं.
मणी संपले, तरी हातभराहून मोठी फट उरली.
बाबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले,
"पुस्तकातलें वाटकुळें सुकें आसता, बाय."
पाण्यात कडेला झोळ लागतो,
नाहीतर शेवटा खालून निघून जातो.
गाठीही दोरी खातात.
चाळीस लागतात.

मग आधी का नाही सांगितलंत?

"तूं मेजतालें. मदीं कित्याक उलोवप?"

सहामाहीत नेमका तोच प्रश्न:
त्रिज्या सात, कोन बहात्तर, कंसाची लांबी काढा.
आठ पूर्णांक आठ लिहिलं. पूर्ण गुण.
समासात पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं,
पाण्यात दहा.
मास्तरांनी त्याच्यापुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं.
प्रश्नचिन्हातही एक कंस असतो,
आणि खाली घसरलेलं केंद्र.

आता बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंकडे
बिजागरीचं, दोन पट्ट्यांचं कोनमापक आहे.
बाबांचा उजवा हात हळू उचलत त्या म्हणतात, शंभर.
पुरता वर गेला असता तर एकशे ऐंशी.
कागदावर लिहून घेतात.
बाबा विचारतात, पास?

तरी ओहोटीला ते उतरतातच,
कमरेएवढ्या पाण्यात, लुंगी डोक्याला गुंडाळून.
पाग हातातून सुटतो, पण गोल होत नाही.
दोनशे चाळीस अंश उघडतो,
उरलेली जाळी स्वतःलाच धरून
गाठोड्यासारखी पडते.
मी धक्क्यावर बसून हिशेब करते, सवय आहे:
एकशे चोपन्न चौरस हातांपैकी
एक्कावन्न आणि वर थोडं,
एवढी पाकळी रोज नदीकडेच राहते.
तिच्यात काळुंदर असतील, शेवटे असतील,
काहीच नसेल.

पलीकडे आरोंद्याच्या बाजूला दिवे लागतात.
बाबा ओला पाग डाव्या खांद्यावर टाकून वर येतात.
मी कड हातात घेते, काळोखात बोटांनी मणी मोजते,
किती गळाले ते पाहायला.
मध्येच बाबा काहीतरी विचारतात, चहाचं असेल,
मी उत्तर देते,
आणि मोजायला कुठून सुरुवात केली होती
ते सापडत नाही.